विमानाचा ओठ, मुक्काम वराळे

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी रोज साठतात. एक लेथखालचा लोखंडी चुरा, तो शनिवारी झाडून काढता येतो. दुसरे किस्से. ते काही झाडून जात नाहीत, कारण झाडायला गेलेला माणूसच झाडू हातात धरून थांबतो आणि म्हणतो, "अगं, त्या दिवशीचं सांगितलं का तुला?" परवा नवीन लागलेल्या मुलीला मी कामाची माहिती द्यायला बसले. दुपारचे डबे उघडले तरी कामाचं एक अक्षर सांगून झालं नव्हतं!

तर आधी काम सांगते, म्हणजे तुमचं तिच्यासारखं व्हायला नको.

विमानाच्या इंजिनाला पुढून हवा लागते. ती ज्या गोल तोंडातून आत जाते, त्या तोंडाच्या कडेला आम्ही ओठ म्हणतो. विमान जमिनीवरून उठताना वेग कमी असतो, बाजूने वारा मारत असतो, तेव्हा हा ओठ जाड आणि गुबगुबीत हवा. म्हणजे हवा त्याच्यावरून नीट वळून आत शिरते. वर गेल्यावर मात्र तोच ओठ पातळ हवा, नाहीतर उगाच वाऱ्याला अडवत बसतो. एकाच ओठाने जाड आणि पातळ दोन्ही कसं व्हायचं? त्यासाठी वरून रबरासारखं कातडं आणि आत तारा. तारांमध्ये वीज सोडली की त्या तापतात आणि आक्रसतात, ओठ फुगतो. गार झाल्या की ओठ बसतो. सांगायला एवढंच. करायला सहा वर्षं!

मी सुजाता, राहणार घोरावाडी स्टेशनजवळ. कामाने इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. म्हणजे सेन्सर लावायचे, आकडे घ्यायचे आणि आकडे चुकले की सगळ्यात आधी बोलणी खायची.

आमच्या प्रमुख वर्षा मॅडम. त्यांच्या तोंडी 'फेल' हा शब्द नाही. काही मोडलं, जळलं, फाटलं की म्हणतात, "चला, आज शिकलो." एकदा एका आठवड्यात आम्ही इतकं शिकलो, की स्टोअरमधलं सामान संपलं.

* * *

शेडला लागूनच धोंडूआबांचं शेत आहे. आबा रोज संध्याकाळी म्हैस घेऊन आमच्या दारावरून जातात आणि रोज विचारतात, "झालं का विमान?"

पहिली दोन वर्षं आम्ही नुसते हसायचो. तिसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, आम्ही विमान नाही बनवत. आम्ही फक्त त्याचा ओठ बनवतो."

"नुसता वट?"

"हो."

"आन् तीन वर्सं झाली?"

"हो, आबा."

आबांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "आमची ही धा म्हैन्यात आख्खं रेडकू देती. वटासकट!"

मॅडम आत बसून ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

* * *

आमच्याकडच्या तारा साध्या नाहीत. त्या आकार लक्षात ठेवतात. सरळ राहायला शिकवलेली तार तुम्ही हवी तशी वाकवा, वेटोळं करा, गाठ मारा. तापली की ती पुन्हा सरळ होणार.

हे हौसामावशींना कोणी सांगितलं नव्हतं. मावशी डोंगरावरच्या वाडीतून चालत येतात. शेडमध्ये चहा त्यांच्याकडे, आणि ओठावर लोकरीचे बारीक दोरे चिकटवण्याचं कामही त्यांच्याकडेच. हवा कुठून कशी जाते ते त्या दोऱ्यांच्या हलण्यावरून कळतं, आणि मावशींसारखे एका रांगेत दोरे लावणारा हात आमच्यात दुसरा नाही.

तर चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाची मूठ तुटली. मावशींनी भंगारातला तारेचा तुकडा उचलला, वळवून छान कडी केली आणि झाकणाला बांधली. चहा उकळला. कडी टुणकन उघडली आणि तार पातेल्यावर ताठ उभी राहिली. मावशींनी दुसऱ्या दिवशी घट्ट पीळ दिला. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पक्कडीने सात वेढे मारले. उकळी आली तशी तार वळवळत सुटली आणि झाकण चहात!

आम्ही धावत गेलो. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "ही तार न्हाई, माझी सासू हाय! कशी बी वाकवा, जरा तापली की सरळ हुभी!"

मॅडमनी हे वाक्य पुढे एका मोठ्या परिषदेत जसंच्या तसं सांगितलं. त्या तारेवर सहा वर्षांत दिलेल्या व्याख्यानांपैकी लोकांना समजलेलं ते पहिलंच, असं त्या स्वतःच म्हणतात.

* * *

आमचा ओंकार कॉम्प्युटरवर हवा वाहवतो. कोथरूडचा मुलगा, हुशार, पण खरी हवा त्याने फारशी खाल्लेली नाही. एकदा त्याने चार दिवस मशीन चालवून एक रंगीत चित्र काढलं. बाजूचा वारा आला की पातळ ओठामागे हवा कशी भोवरे घेते, ते लाल-निळ्या रंगात दिसत होतं.

आमचे फिटर काशिनाथभाऊ चहाचा कप घेऊन मागून गेले. ते मळवलीचे. सकाळी स्वतःच्या भातखाचरात आणि नंतर आमच्या शेडमध्ये, अशा त्यांच्या दोन नोकऱ्या आहेत. चित्राकडे बघून म्हणाले, "हे तर आमच्या बांधाला रोज दिसतंय. कोपरा टोकदार ठेवला की पानी मागं भवरा घेतं. कोपरा गोल कर, गप जातं."

ओंकार उडालाच. पुढच्या रविवारी तो मळवलीला भाऊंच्या खाचरात गेला, पाण्याचे व्हिडिओ काढले, गुडघाभर चिखलात रुतला आणि एक बूट तिथेच ठेवून आला. त्यानंतर त्याची भाऊंवर अशी काही श्रद्धा बसली की विचारू नका. काहीही अडलं की, "भाऊ, पाण्याचं काय होतं?" भाऊ पण रंगात येऊन सांगायचे. मला तर वाटायला लागलं की आता ओंकार कॉम्प्युटर विकून बैलजोडी घेतो!

एक दिवस त्याने विचारलं, "भाऊ, आवाजाच्या वेगाजवळ गेलं तर काय होईल?"

भाऊंनी बराच विचार केला. मग म्हणाले, "एवढ्या जोरात पानी आलं, तर आमी बांध सोडून पळतो."

* * *

गेल्या जूनमध्ये बेंगळुरूहून पत्र आलं. ज्या मोठ्या ऑफिससाठी आम्ही हे सगळं करतो, त्यांचं. दिवाळीनंतर अंतिम चाचणी. ओठ सलग शंभर वेळा फुगून शंभर वेळा बसला पाहिजे. मध्ये हात लावायचा नाही आणि सगळ्याचं सलग चित्रीकरण पाहिजे. जमलं, तर पुढचा ओठ खऱ्या इंजिनावर चढणार. नाही जमलं, तर प्रकल्प बंद.

प्रकल्प बंद म्हणजे शेड बंद. आम्ही अकरा जण. मला चाकणला कुठेही काम मिळालं असतं, पण तिथे दिवसभर एकच बटण दाबलं असतं. हे असं, सकाळी एक अडचण आणि संध्याकाळी दुसरी, असं काम मला पुन्हा मिळालं नसतं. आणि मॅडम? चांगली मोठी नोकरी सोडून त्या या पत्र्याखाली येऊन बसल्या होत्या. त्यांचं सगळं त्या एका ओठावर होतं. पत्र वाचून त्यांनी फळ्यावर '१००' लिहिलं आणि डस्टर कुलूप लावून ठेवून दिला. मला त्या दिवशी खरंच भीती वाटली.

तोवर आमचा सगळ्यात जास्त आकडा होता तेवीस.

* * *

जुलैत तेवीसचे पन्नास झाले आणि मग अचानक ओठ पूर्ण बसेनाच. तीन मिलिमीटर फुगलेला राहायचा. ओंकार म्हणाला, प्रोग्रॅम चुकला. मी म्हटलं, सेन्सर गेला. मॅडम म्हणाल्या, तारा थकल्या. दोन दिवस आम्ही एकमेकांची कामं उसवत बसलो.

तिसऱ्या दिवशी काशिनाथभाऊंनी सरळ आत हात घातला. "आई गं!" करून जो हात बाहेर काढला, त्याच्या बोटाला हा एवढा खेकडा! पावसात शेडच्या मागच्या ओढ्यातून आला असणार आणि ओठाखाली मस्त बिऱ्हाड थाटून बसला होता.

आता आमच्याकडे प्रत्येक बिघाडाचा फॉर्म बेंगळुरूला जातो. मॅडमचा स्वभाव असा की खोटं एक अक्षर लिहायचं नाही. बिघाडाचं कारण: बाह्य वस्तू. वस्तूचा आकार: चार इंच, नांग्या सोडून. वस्तूची विल्हेवाट: रस्सा.

आठवड्याने उत्तर आलं, "कृपया विल्हेवाटीचा पुरावा जोडावा."

मॅडमनी पत्र वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "पुरावा लय झणझणीत झालता म्हनून कळवा."

* * *

ऑगस्टमध्ये बाजूच्या वाऱ्याची चाचणी करायची होती. भाड्याचे पंखे लावून तसा वारा मिळेना. मॅडम म्हणाल्या, "लोणावळ्याला फुकट वाहतोय, तिकडेच जाऊ." ओठ, मागचा हवा खेचणारा पंखा, जनरेटर, सगळं टेम्पोत घालून आम्ही वरच्या पठारावर गेलो.

शनिवार होता, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पाच मिनिटांत आमच्याभोवती रेनकोट घातलेल्या पन्नास माणसांचं कडं. एका मुलीने काशिनाथभाऊंना विचारलं, "अंकल, ये राइड का टिकट कितना है?"

भाऊ गंभीरपणे म्हणाले, "अभी ट्रायल चालू है. आदमी अंदर जाता है, पर बाहर कैसा निकलेगा, पता नहीं."

कडं दहा फूट मागे सरकलं.

पण खरी पंचाईत वेगळीच. हवा दिसावी म्हणून धूर सोडायचं मशीन नेलं होतं, ते त्या ओलीत चालूच होईना. इकडे मॅडमचा चेहरा उतरला आणि तिकडे शेजारी कणसं भाजणाऱ्या बाईंचा आवाज चढला, "अवो, माझा धूर कशापायी वढताय? इस्तू इझंल ना!" बघतो तर काय, त्यांच्या शेगडीचा धूर सरळ रेषेत आमच्या ओठावरून वळून आत चाललेला! असा सुंदर धूर आम्हाला मशीनने कधी दिला नव्हता.

त्या बाई शेगडी उचलून निघाल्या होत्या. मॅडमनी त्यांचा हातच धरला. "ताई, जाऊ नका. तुम्ही भाजत राहा, सगळी कणसं आम्ही घेतो." चार तास त्या भाजत होत्या, ओंकार शूटिंग करत होता आणि उरलेले आम्ही खात होतो. सोमवारपर्यंत शेडमध्ये कणसाशिवाय दुसरं काही खाल्लं गेलं नाही.

पुढच्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन पठारावर गेले, तर त्या बाईंच्या गाडीवर नवीन पाटी होती: 'विमानवाल्यांची पसंती'.

* * *

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो. ओठाला हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढे, सगळं साग्रसंगीत. मॅडमनी सक्त ताकीद दिली होती की पूजा झाली की माळ लगेच काढायची.

माळ काढायचं काम कोणाचं, यावर मी म्हणते भाऊंचं, भाऊ म्हणतात ओंकारचं, ओंकार म्हणतो त्याला कोणी सांगितलंच नाही. दुपारी मॅडमनी पंखा चालू केला. माळ ओठावरून सरकली आणि गप्पकन आत! मागून जो पिवळा फवारा उडाला, तो छतापर्यंत गेला आणि पंधरा सेकंद आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर पाकळ्या पडत राहिल्या.

मॅडम लालबुंद झाल्या. कोणी हलेना. काशिनाथभाऊंनी टोपीवरची पाकळी उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "पुष्पवृष्टी झाली मॅडम. आता वरून पास!"

* * *

आणि मग ती चाचणी.

बेंगळुरूहून आलेले साहेब मूळचे सांगलीकडचे निघाले, त्यामुळे मराठीत बोलायची सोय झाली. पण बोलतील तर शपथ! इस्त्रीचा शर्ट, जाड चष्मा, हातात नियमांची फाइल. चहा विचारला, "नंतर." पेढा विचारला, "नंतर." पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सुरू करा."

ओंकारने ओठासमोर स्टँडवर कॅमेरा लावला. मॅडमनी बटण दाबलं आणि त्या आमच्यात येऊन बसल्या. ओठ फुगला, ओठ बसला. एक. एका वेळेला चाळीस सेकंद. आम्ही अकराच्या अकरा जण साहेबांच्या आजूबाजूला बसलो होतो, ठेवणीतले कपडे घालून. पन्नास झाले. साठ झाले. सत्तरला एकदा ओठ जरा रेंगाळला. मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग बसला. नव्वद. पंच्याण्णव. शंभर!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! भाऊंनी टोपी उडवली. मी रडले, लाजायचं काय त्यात. मॅडमनी आनंदाच्या भरात आणखी एकदा बटण दाबलं. एकशे एक. आतून 'टिक' असा आवाज आला आणि ओठ एका बाजूने लुळा पडला. तार तुटली होती. मॅडम हसून म्हणाल्या, "असू दे! शंभर झालेत."

साहेब म्हणाले, "चित्रीकरण दाखवा."

ओंकारने कॅमेरा उघडला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. कार्ड भरून कॅमेरा सतराव्या वेळेलाच बंद पडला होता. कार्डवर त्याचे ट्रेकचे व्हिडिओ होते. सतरा वेळा ओठ आणि त्याआधी तीन तास धबधबे!

साहेब म्हणाले, "मी स्वतः पाहिलंय. पण माझं पाहणं हा पुरावा नाही. सलग चित्रीकरण नसेल, तर पुन्हा करावं लागेल. आज शेवटची तारीख आहे."

पुन्हा कशाने करणार? नवीन तार बसवून, तिला शिकवून तयार करायला महिना लागतो. मॅडम लुळ्या पडलेल्या ओठाकडे बघत उभ्या राहिल्या. 'आज शिकलो' म्हणाल्या नाहीत.

तेवढ्यात मावशी पुढे आल्या. हातात त्यांचा मोबाइल. "साहेब, म्या बी काडलंय. पयल्यापासनं शेवटपत्तुर. ततं खोक्याला टेकून ठिवलाता."

ओंकारने मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. व्हिडिओ लावला आणि तो मटकन खाली बसला. व्हिडिओत ओठ नव्हताच. आम्ही होतो! मावशींनी मोबाइल उलटा, माणसांकडे तोंड करून ठेवला होता.

"मावशी, ओठाचा काढायचा ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"वट काय, रोजच बगतो," मावशी म्हणाल्या. "तुमी समदी एवढी नटून कवा बसताय?"

साहेबांनी हात पुढे केला. "बघू."

खुर्ची ओढून ते टेबलाशी बसले. आम्ही त्यांच्या मागे. पडद्यावर दोन रांगा, मध्यभागी साहेब. आणि मग आमच्या ध्यानात आलं. मशीनचा 'सुंऽऽ' आवाज व्हायचा, समोर ओठ फुगायचा, आणि पडद्यावरच्या बारा माणसांच्या ओठांचा एकदम चंबू व्हायचा! ओठ बसला की बाराही तोंडं सपाट. पुन्हा 'सुंऽऽ', पुन्हा चंबू. लेकराला भरवताना आईचं तोंड उघडतं ना, तसं. आमच्यापैकी एकालाही आपण हे करतोय याचा पत्ता नव्हता. काशिनाथभाऊंचा चंबू मिशीसकट. आणि सगळ्यांच्या मध्ये, जाड चष्म्याखाली, इस्त्रीच्या कॉलरवर, साहेबांचा!

हसायची कोणाची छाती नव्हती. मी ओढणी तोंडात कोंबली.

साहेबांनी फाइल उघडली आणि त्यातला नियम बोट ठेवून दोनदा वाचला. मग म्हणाले, "सर्व आवर्तनांचं सलग चित्रीकरण असावं, एवढंच लिहिलंय. कोणत्या दिशेने, ते लिहिलेलं नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं, कोरा कागद घेतला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. स्वतःच्या तोंडावर नजर रोखून ते एकेक रेघ मारत गेले. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. तासाभराच्या वर बसले होते. पाणीसुद्धा घेतलं नाही. शंभराव्या रेघेला त्यांनी मोबाइल बंद केला, चष्मा पुसला, रेघा पुन्हा मोजल्या आणि सही केली.

मॅडम खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या. मावशींनी साहेबांपुढे चहा ठेवला. साहेबांनी कप उचलला, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, माझं एकदाही चुकलं नाही ना?"

"न्हाई साहेब," मावशी म्हणाल्या. "मॅडमचं मातर दोनदा चुकलं."